अभ्यासक्रम सोडावा की बदलावा? बाहेरची वाट रुंद, आतली अरुंद

नोव्हेंबर २०२४ मध्ये काही विद्यार्थ्यांनी हाती असलेला महाविद्यालयीन प्रवेश सोडून दिला. निमित्त होते ५ नोव्हेंबरच्या एका घोषणेचे. जेईई ॲडव्हान्स्ड ही परीक्षा दोनऐवजी तीन वेळा देता येईल, असे संयुक्त प्रवेश मंडळाने त्या दिवशी जाहीर केले होते. १८ नोव्हेंबरला मंडळाने हा निर्णय फिरवला आणि दोन संधींचा जुना नियम पुन्हा लागू झाला. मधल्या तेरा दिवसांत ज्यांनी महाविद्यालय सोडले, त्यांच्या हाती ना जुना प्रवेश राहिला ना नवी परीक्षा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने १० जानेवारी २०२५ रोजी मंडळाच्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत न शिरता, नेमक्या त्याच अवधीत अभ्यासक्रम सोडलेल्यांना परीक्षेस बसण्याची मुभा दिली. दिलासा तेवढ्यापुरताच होता.

खटला मोजक्या विद्यार्थ्यांचा असला, तरी त्यातून एक सर्वसाधारण वस्तुस्थिती उघड होते. आपल्याकडे अभ्यासक्रम सोडण्याचा निर्णय विद्यार्थी घेतो. त्याचा परिणाम मात्र तारखा आणि परिपत्रके ठरवतात.

सरकारी भाषेत या विषयासाठी जो शब्द रूढ आहे, तो ‘गळती’. टाकीला गळती लागते, आंब्याच्या मोहराची गळ होते, तशी विद्यार्थ्यांची गळती. ‘ड्रॉपआऊट’साठी दुसरा शब्द अनुवादकालाही चटकन सापडत नाही, हे खरे. पण विचारपूर्वक दुसरी वाट धरणारा आणि परिस्थितीने बाहेर ढकलला गेलेला, असे दोघेही या एकाच शब्दात मोजले जातात. केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएम यांमधून आधीच्या पाच वर्षांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गीयांतील साडेतेरा हजारांहून अधिक विद्यार्थी बाहेर पडल्याची माहिती सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत दिली. उच्च शिक्षणात अनेक पर्याय असतात आणि विद्यार्थी एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत, एका अभ्यासक्रमातून दुसऱ्या अभ्यासक्रमात जातात, असे स्पष्टीकरण सोबत होते. ते काहींच्या बाबतीत खरे असेलही. यांपैकी किती जण खरोखर दुसरीकडे पोहोचले, हे मात्र या आकड्यातून कळत नाही, आणि धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अर्धवट शिक्षणावरचा शिक्का पुसण्याचा प्रयत्न केला. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी अशी रचना मांडली गेली. २०२१ मध्ये श्रेयांक पेढी स्थापन झाली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तेथे जमा होतात आणि ते जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. वैद्यकीय आणि विधी शिक्षण या रचनेबाहेर आहे.

श्रेयांक जमा असणे आणि दुसऱ्या संस्थेत जागा मिळणे यांत मात्र मोठे अंतर आहे. जागा रिकामी हवी, अभ्यासक्रम जुळायला हवा आणि स्वीकारणाऱ्या संस्थेची तयारी हवी. त्यातच एक अट सहसा नजरेतून सुटते. पदवी देणाऱ्या संस्थेतूनच किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची असते. म्हणजे साधारण दीड वर्ष उलटले, की बदलीचा लाभ आटू लागतो. चार वर्षांच्या पदवीत ही सीमा दोन वर्षांची आहे. ‘एवढे वर्ष काढू, मग पाहू’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला म्हणूनच वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

शुल्काचे गणित याहून कठोर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेआधी किमान पंधरा दिवस माघार घेतल्यास, किरकोळ प्रक्रिया शुल्क वगळता, सर्व रक्कम परत मिळते. पुढे ती टप्प्याटप्प्याने घटते आणि अंतिम तारखेनंतर तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. २०२४-२५ या वर्षासाठी आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण, तर ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून परतावा देण्यास सांगितले होते. सवलत स्वागतार्ह होती. पण अभ्यासक्रम आपल्यासाठी नाही, हे विद्यार्थ्याला कळते ते बहुधा पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर. तोवर मुदत संपलेली असते. मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्यास याच अधिसूचनेने मनाई केली आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावे आणि माघारीचा अर्ज लेखीच द्यावा.

वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणात तर जागा सोडणाऱ्याकडून लाखो रुपयांचा दंड घेण्याची पद्धत अनेक राज्यांत होती. विद्यार्थ्यांवरील मानसिक ताणाच्या तक्रारी आल्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना हा दंड रद्द करण्याचे आवाहन केले. त्याऐवजी एक वर्ष प्रवेशबंदीचा पर्याय सुचवला. पैशाऐवजी वर्ष द्यायचे, इतकाच फरक. पण कर्जबाजारी कुटुंबासाठी तो लहान नाही.

अशा स्थितीत विद्यार्थ्याने आधी आपले असमाधान नेमके कशाविषयी आहे, हे तपासणे इष्ट ठरते. विषय नकोसा झाला असेल, तर संस्था बदलून उपयोग नाही. त्याच संस्थेत शाखा बदलते का, हे पाहावे. अर्थात ही वाटही आकसत आहे. पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलून देण्याची सोय काही आयआयटींनी नव्या विद्यार्थ्यांवरील ताणाचे कारण देऊन बंद केली. विषय आवडतो, पण शिकवणे सुमार आहे, अशी तक्रार असेल, तर बदलीचा विचार योग्य. तो पहिल्याच वर्षी करावा. तिसरा प्रकार अधिक आढळतो आणि कमी बोलला जातो. परके शहर, इंग्रजीतून धावणारी व्याख्याने, वसतिगृहातील एकटेपणा. यवतमाळहून बेंगळुरूला किंवा बेळगावहून दिल्लीला गेलेल्या मुलाला पहिल्या काही महिन्यांत ‘हा अभ्यासक्रमच चुकला’ असे वाटते, तेव्हा त्यात अभ्यासक्रमाचा दोष किती, हे त्यालाही सांगता येत नाही. अशा वेळी प्रवेश रद्द करण्याआधी एखाद्या प्राध्यापकाशी किंवा समुपदेशकाशी बोलणे अधिक व्यवहार्य.

परतणाऱ्यांपुढे अधिवासाचा प्रश्नही असतो. इंदूर किंवा बडोद्यात बारावी झालेल्या मराठी विद्यार्थ्याला महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून प्रवेश मिळेलच असे नाही. शैक्षणिक कर्ज ठरावीक अभ्यासक्रमासाठी मंजूर झालेले असते. तो सोडण्याआधी बँकेशी बोलावे लागते. स्थलांतर प्रमाणपत्र आणि खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र यांसाठीचे हेलपाटे वेगळेच.

एक तरतूद मात्र उपयोगी आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार, पहिले वर्ष आणि उन्हाळ्यातील चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला तीन वर्षांच्या आत परतता येते; पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करावी लागते. मात्र हे चार श्रेयांक न मिळवताच जो वर्षाच्या मध्येच घरी निघून येतो, त्याला प्रमाणपत्र मिळत नाही.