दारूचा प्रश्न आणि घरच्यांचा संकोच

घरातील ज्येष्ठ व्यक्ती पडली किंवा तिची शुद्ध हरपली, की आपण तातडीने रुग्णालय गाठतो. रक्तदाब, मधुमेह, चालू गोळ्या यांची माहिती आपण न विचारता देतो. ‘दारू घेतात का?’ या प्रश्नावर मात्र सारे एकमेकांकडे पाहतात आणि उत्तर येते, ‘छे, कधीतरी सणासुदीला!’

हा संकोच ओळखून अमेरिकेतील काही रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत हा प्रश्न संगणकाकडे सोपवला गेला. कॅलिफोर्नियात तो इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत विचारला जाई. समोर भुवया उंचावणारे कोणी नसले, की खरे सांगणे सोपे जाते. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ प्रश्नावली वापरली गेली. तिच्यात १० प्रश्न व ४० गुण असतात. ८ किंवा अधिक गुण ही धोक्याची सूचना समजतात.

धोका कळल्यावर उपाय होतो का? गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच प्रश्नावलीने १२ ते १९ गुणांचे पुरुष शोधले. काहींना प्रशिक्षित समुपदेशकांच्या जास्तीत जास्त ४ भेटी मिळाल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी त्यांतील ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, इतरांत हे प्रमाण २६ टक्के होते. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते.

वय वाढते तसे शरीरातील पाणी घटते, म्हणून पूर्वीचाच पेला अधिक चढतो. झोपेच्या गोळीबरोबर श्वास मंदावू शकतो, मधुमेहाच्या औषधाबरोबर साखर घसरू शकते. रोज घेणारा रुग्ण दाखल झाला, की त्याची दारू एकाएकी सुटते. पुढील दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, घाम, भ्रम, झटके उद्भवू शकतात. माहिती दडवलेली असेल, तर तो भ्रम वार्धक्याचा समजला जाऊन योग्य उपचार लांबतात आणि जिवावर बेतते.

म्हणून आपण डॉक्टरांना तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात: कोणती (देशी, विदेशी की मोहाची), रोज किती आणि शेवटची केव्हा. घाटंजीहून रुग्णाला यवतमाळला हलवताना हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. चारचौघांत विचारल्यास ज्येष्ठ व्यक्ती संकोचते. डॉक्टरांना तिच्याशी एकांतात बोलू द्यावे. रोजची सवय असल्यास घरच्या घरी एकदम बंद न करता आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक विनाशुल्क उपलब्ध आहे.

घराण्याची अब्रू सांभाळताना घरातील माणूस गमावू नये, एवढीच विनंती.