घरून की बाहेर राहून?

मुलगी पुढे शिकायला मुंबईला निघाली की आमच्या शहापूर-मुरबाडकडे एकच सल्ला मिळतो : ‘घरून जाऊन-येऊन कर.’ मुलगा मात्र खुशाल बाहेर राहतो! शहापूरकरांना निदान आसनगावहून लोकल आहे. तरी जायलाच दोन तास. मुरबाडला रेल्वे नाही. आधी एसटीने कल्याण गाठायचे. रोजचे चार-पाच तास असे गेल्यावर पोरीने अभ्यास कधी करावा? खर्चाचा प्रश्न खराच. पण वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून ‘स्वयम्’ योजनेचा भत्ता आहे. त्याची चौकशी तरी करावी. घरची काळजी मलाही कळते. मात्र शेवटच्या एसटीच्या वेळेवर मुलीचे शिक्षण ठरू नये. तिला बाहेर राहू द्यावे. सुट्टीत ती घरी येणारच आहे!