गोधडी टाकण्याआधी

भगिनींनो, उन्हाळ्यात माळ्यावरचे सामान खाली निघते आणि त्यात हमखास एक गाठोडे असते. सासूबाईंची फाटकी गोधडी, नाहीतर आईने अर्धी शिवून ठेवलेली. कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. बोहारीण त्यावर वाटीसुद्धा देत नाही, मग ते कचऱ्यात जाते. त्याआधी आमचे थोडे ऐकावे.

माणूस गेले की त्याचे अंथरूण बाहेर टाकायचे, ही रीत आपल्याही पुष्कळ घरांत चालते. सुतक सोडले म्हणायचे आणि गोधडी मात्र नाल्यात! खरजेसारखा आजार असेल तर कढत पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. एरवी तिच्यात टाकण्यासारखे काय असते? आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, पोरांची झबली. मुंबईच्या चाळींत गिरणीचे कापडही त्यात असे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून गिरण्यांच्या साचाखात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. १९२८ च्या संपावेळी बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला. तेच कापड जुने झाल्यावर आपल्या आयाबायांनी थरावर थर रचून शिवले.

आता कामाचे. आधी धुऊ नका, आधी टाचा. फाटका भाग तसाच पाण्यात गेला तर आतल्या चिंध्या बाहेर येतात. कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलके ताणावे. लगेच विरले तर ते कुजले आहे, टाका धरणार नाही. पण ते काढून टाकायचे नाही. दोन्ही अंगांनी जुनी साडी अंथरून सगळ्या थरांतून धावदोरा घालायचा. जुन्या बायका असेच करीत. म्हणून तर एखाद्या गोधडीच्या पोटात आणखी जुनी गोधडी सापडते! साडी सुतीच हवी. नायलॉन घसरते, आणि धुतल्यावर सुती कापड आटते, ते आटत नाही. मग फुगे येतात.

अर्धी गोधडी पुरी करताना आईचे टाके उसवू नका. तिची ओळ जिथे थांबली तिथूनच धरा, आणि कडेकडून आत येत जा. दर दोन-तीन ओळींनी हाताने सुरकुती सारावी, नाहीतर सगळा फुगा मधे जमतो. तुमचे टाके लांब पडले तर पडू द्या. कोणाचा हात कुठे थांबला हे दिसले म्हणून काय बिघडले? मशीनवर मात्र देऊ नका. इतक्या थरांत सुई मोडते, आणि निभावली तरी गोधडी पुठ्ठ्यासारखी होते.

धुतल्यावर पिळू नये, दोरीवर टांगू नये. पाण्याच्या वजनाने टाके तुटतात. बाजेवर पसरावी.

भावांच्या वाटण्यांत भांडी मोजली जातात, गोधडी कोणी मागत नाही. लेकींनी मागून घ्यावी. आई हयात असेल तर कुठला तुकडा कोणाचा ते आजच विचारा, आणि कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने तिचे नाव घाला. तिला लिहिता येत नसेल तर नातीकडून काढून घ्या.