घटस्फोटाचा खर्च आणि बुडविलेली भागीदारी

उद्योजकाच्या घरी घटस्फोटाची वेळ आली की एक गाऱ्हाणे हमखास ऐकू येते. आयुष्यभर घाम गाळून धंदा उभारला आणि आता न्यायालय त्याचे तुकडे करणार! परदेशी स्थायिक झालेल्यांचे गाऱ्हाणेही याच सुरातले असते: दोन देशांतले वकील, दोन देशांतली न्यायालये आणि शेवटी कमाईवर पाणी. वकिलांनी व करसल्लागारांनी या गाऱ्हाण्याला 'घटस्फोटाचा खर्च' असे भारदस्त नाव दिले असून तो टाळण्याच्या युक्त्या विकण्याचा धंदाही तेजीत आहे. परंतु अर्थशास्त्राचा नवखा विद्यार्थीदेखील येथे एक प्रश्न विचारील. हा खर्च आहे, की देणे?

१९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पेढी विसर्जित झाली की प्रथम बाहेरची देणी फेडली जातात, मग भागीदारांचे भांडवल परत केले जाते आणि उरलेली शिल्लक नफ्याच्या प्रमाणात वाटली जाते. भागीदाराच्या पदरात पडणारा वाटा खर्चाच्या खाती लिहिणारा हिशेबनीस अद्याप जन्मास यावयाचा आहे. मग ज्या स्त्रीने घर सांभाळले, गिऱ्हाइकांची उधारी वहीत मांडली, बँकेच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केली, तिचा वाटा तेवढा 'खर्च' कसा ठरतो? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरचे विनामोबदला काम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे देते. असे काम करणारा पुरुष ८८ मिनिटे देतो. या श्रमावर उभ्या राहिलेल्या भांडवलात श्रम करणारीचा हिस्सा नाही, असे म्हणणे म्हणजे शोषणाची साधी सरळ व्याख्या होय.

या गाऱ्हाण्यातील दांभिकता करखात्याच्या दारात उघडी पडते. कर वाचवावयाचा असतो तेव्हा अनेक व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत पत्नी भागीदार असते, संचालक असते, गाळ्याची मालकीणही असते. विवाह मोडला की हीच स्त्री 'धंद्यातले काही न कळणारी' ठरते. नफ्याच्या विभागणीसाठी जी भागीदार, ती मालमत्तेच्या विभागणीच्या वेळी परकी कशी?

कायदाही या दांभिकतेला साथ देतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पोटगीची तरतूद आहे, विवाहसमयी दोघांना मिळून आलेल्या वस्तूंच्या वाटणीचीही आहे. परंतु संसार चालू असताना पतीच्या नावाने झालेल्या मिळकतीत पत्नीला हक्काचा वाटा नाही. पोटगीचा आकडा पतीच्या उत्पन्नावर ठरतो आणि मालकाचे उत्पन्न मालकच लिहितो. कंपनीतून नाममात्र पगार घ्यावा, मोटार व बंगला मात्र कंपनीच्या खर्चात टाकावा, ही रीत सर्वांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये पोटगीच्या दाव्यात उभय पक्षांनी मालमत्तेचे व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असा दंडक घातला, हे उत्तम झाले. तथापि दाखविलेली मालमत्ता म्हणजे मिळालेला हक्क नव्हे.

बांद्याच्या व्यापाऱ्याच्या पत्नीची ही स्थिती. हद्दीपलीकडे पेडण्यातील गोमंतकीय व्यापाऱ्याच्या पत्नीची मात्र वेगळी. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि प्रत्येकाचा निम्मा वाटा मानला जातो. स्थावर विकावयाचे तर दोघांची संमती लागते. १९६१ च्या आयकर कायद्यानेही तेथील दांपत्याचे धंद्याचे उत्पन्न करापुरते निम्मे-निम्मे धरले. या व्यवस्थेतही कारभार पतीच्याच हाती राहतो, हा तिचा दोष आहेच. पण निम्म्या वाट्यामुळे गोव्यातला व्यापार बुडाला, असे कोणी म्हणत नाही.

परदेशस्थांच्या खर्चाचा हिशेबही उलटाच मांडला जातो. पती तिकडे दावा लावतो. इकडे राहिलेल्या पत्नीजवळ विमानाचे भाडे नसते, तिकडच्या वकिलाची फी तर दूरच. तिने खुशीने त्या न्यायालयापुढे बाजू मांडली नसेल आणि विवाह ज्या कायद्याखाली झाला त्यातील कारणावर निकाल नसेल, तर असा घटस्फोट सर्वसाधारणपणे येथे मानला जाणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. परंतु तिकडची मिळकत त्याने तिच्या हाती येत नाही. उलट जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने खरा हिशेब मांडला. पती १९८३ ते १९९४ सौदी अरेबियात कमावीत होता; इकडे पत्नीने घर, मुले व पैसा सांभाळला. गृहिणीच्या श्रमावाचून ती कमाई शक्य नव्हती, हे मान्य करून न्यायालयाने मिळकतीत तिचा समान वाटा धरला. पण एका निकालाने कायदा होत नाही.

वाटणीने कारखाने बंद पडतील व कामगार देशोधडीला लागतील, हा आक्षेप राहतो. टाळेबंदीच्या वेळी न आठवणारे कामगार मालकांना नेमके येथे आठवावेत, हे लक्षणीय आहे. यंत्राचे दोन तुकडे करा, असे कोणी म्हणत नाही. वाटा हप्त्यांनी देता येतो, भागांच्या रूपानेही देता येतो. २०१९ मध्ये ॲमेझॉनच्या संस्थापकाचा घटस्फोट झाला तेव्हा दांपत्याच्या भागांपैकी चतुर्थांश पत्नीकडे गेले, मतदानाचा अधिकार पतीकडे राहिला आणि कंपनीचा व्यवहार एक दिवसही थांबला नाही.

हे श्रीमंतांचे भांडण आहे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे चळवळीतील काही कार्यकर्त्यांनाही वाटते. ही चूक आहे. किराणा दुकानदार, चार मागांचा मालक, आखातात राबणारा रत्नागिरीचा कामगार या सर्वांच्या घरांत हाच हिशेब बुडविला जातो. आणि तेथे वकील लावण्याइतकेही पैसे स्त्रीजवळ नसतात. हिंदू कोड बिलाच्या वेळीही कुटुंब मोडेल, मालमत्ता विखुरेल, अशीच ओरड झाली होती आणि १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांना मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला. पत्नीला पतीच्या स्थावरात वाटा देऊ पाहणारे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले, पण २०१४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर विरून गेले. त्यासाठी रस्त्यावर कोण आले?

विवाहकाळात मिळविलेल्या मालमत्तेत, ती कोणाच्याही नावावर व कोणत्याही देशात असो, दोघांचा समान वाटा, ही मागणी प्रत्येक धर्माच्या स्त्रीसाठी आणि तिला बरोबर घेऊन पुढे रेटली पाहिजे. श्रमिकाला त्याच्या श्रमाचे फळ मिळावे म्हणून झगडणाऱ्यांनी उंबरठ्याच्या आतील श्रमिकाला वगळले, तर त्यांचा समाजवाद उंबरठ्यापाशीच संपतो.