उंटावरचे शहाणे

‘यंदा इजिप्तला जातोय, आपले आपण,’ असे एखाद्या मराठी माणसाने चारचौघांत नुसते म्हणून पाहावे. पाच मिनिटांत त्याच्याभोवती उंटावरच्या शहाण्यांचा तांडा जमतो. यांतल्या निम्म्यांनी उंट फक्त सर्कशीत पाहिलेला असतो. पण सल्ला विचाराल तर थेट पिरॅमिडच्या टोकावरून! ‘एकटे? अहो, लुटतात तिकडे!’ ‘पैसे बनियनला आतून खिसा शिवून ठेवा.’ ‘कुणी बोलला तर बहिऱ्यासारखे पुढे चला.’ आणि शेवटी भरतवाक्य : ‘त्यापेक्षा ग्रुपबरोबर जा. वरणभात मिळतो आणि फसवणूक नाही.’

वरणभाताबद्दल माझी तक्रार नाही. फसवणुकीबद्दल मात्र आहे.

ग्रुपची वातानुकूलित बस पिरॅमिड झाल्यावर कुठे थांबते? पपायरसच्या दुकानात. दुकान म्हणायचे नाही, ‘इन्स्टिट्यूट’ म्हणायचे. तिथे लालभडक जास्वंदीचे सरबत फुकट मिळते आणि ‘घेण्याची सक्ती नाही’ असे सात वेळा सांगतात. पुढचा पाऊण तास बस जागची हलत नाही. गाइड दाराशी निवांत बसलेला असतो. त्याच्या निवांतपणाचे कारण, आग्र्याला संगमरवराच्या दुकानासमोर ज्याची टॅक्सी आपोआप बंद पडली आहे, त्याला मी सांगायला नको. म्हणजे विक्रेता तोच, फक्त सोफ्यावर बसवून विकणारा. उघड्यावरच्या विक्रेत्यापासून निदान चालते तरी होता येते. इथे चालते होऊन जाणार कुठे? बस त्यांची!

आता उघड्यावरचे. ते चिकट असतात, हे मान्य. ‘भेट, भेट’ म्हणत डोक्याला रुमाल गुंडाळतात आणि मग भेटीची किंमत सांगतात. ‘तिकीट दाखवा’ म्हणत कुणीतरी रुबाबात आडवा येतो, आणि तिकीट हातात घेतले की आपोआप तुमचा गाइड होतो. उंटावर बसायचे पैसे किरकोळ असतात. खरे पैसे उतरायचे असतात. २०२५ साली गिझाला नवे प्रवेशद्वार झाले, आवारात फिरायला बसगाड्या आल्या. तरी उंट आहेतच, आणि उंटापाठोपाठ उंटवालाही आहे.

पण यावरचे औषध काय अवघड आहे? तिकीट खिडकीवर घ्यावे आणि हातातून सोडू नये. भाव चढण्यापूर्वी ठरवावा. किती वेळ, किती जणांचे, कुठल्या देशाच्या पैशांत, आणि उतरण्यासकट! पपायरस उजेडाकडे धरून उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी दिसते का ते पाहावे; केळीच्या पानाचा नमुना गळ्यात मारणारेही पुष्कळ. आणि हसून, न थांबता म्हणावे, ‘ला, शुक्रन.’ नको, आभारी आहे. बस्स! भाषेची धास्ती नको. आपला ‘खलास’ मूळचा त्यांचाच, आणि ‘बक्षीस’ दोघांनाही फारसीतून मिळालेले.

अडते ते इथेच. मंडईत आठ आण्यांच्या कोथिंबिरीवरून भाजीवाल्याला घाम फोडणारे आमचे वीर परदेशात एकदम शालीन होतात. कुणी ‘इंडिया? अमिताभ बच्चन!’ अशी हाक मारली की विरघळतात. मग ‘नको’ म्हणायची भीड पडते आणि तोंडातून बाहेर येते, ‘परत येताना बघू हं!’ मराठीत याचा अर्थ नको. पण बाजारात याचा अर्थ ऑर्डर! तो बिचारा दोन तास उन्हात वाट पाहतो, आणि तुम्ही दिसताच हक्काने अंगावर येतो. आता खोटे कोण बोलले? भीड भिकेची बहीण म्हणतात. परदेशात ती पाकीटमाराचीही मावशी होते.

आणि त्या माणसाला सरसकट चोर म्हणणे तर मला मुळीच मान्य नाही. २०१० साली इजिप्तला सुमारे १ कोटी ४७ लाख पर्यटक आले. २०११ ची क्रांती झाली, पुढे दहशतवादी हल्ले झाले, आणि २०१६ मध्ये हा आकडा सुमारे ५४ लाखांवर आला. मग २०२० चा करोना. २०२४ च्या मार्चमध्ये एका डॉलरला सुमारे ३१ इजिप्शियन पौंड पडत होते, ते एका दिवसात ५० च्या आसपास गेले. पर्यटक येवोत न येवोत, उंटाला चारा लागतो. आणि उंटाच्या मालकालाही घर असते. त्याच्या चिकटपणात लबाडी असेल, पण घाईही असते. आपल्याकडच्या तीर्थक्षेत्री गाडीतून पाय खाली टेकण्याआधी गोत्र विचारणारे पाहिलेल्या माणसाने तरी त्यावर नाक मुरडू नये.

याचा अर्थ दया म्हणून लुटून घ्यावे, असा नाही. दयेने घ्यायचे आणि हॉटेलवर येऊन शिव्या घालायच्या, हा तर दोघांचाही अपमान. घासाघीस म्हणजे दोन बरोबरीच्या माणसांनी केलेल्या गप्पा. पटले तर घ्यावे, न पटले तर स्पष्ट नको म्हणावे. तो लगेच दुसरे गिऱ्हाईक शोधायला मोकळा होतो. त्याच्या वेळेची याहून मोठी कदर नाही.

तेव्हा मंडळी, जरूर जा, आपले आपण जा. शंभर पौंड जास्त गेले तरी साडेचार हजार वर्षांच्या त्या दगडांसमोर हवे तितके थांबता येते. मागून कुणी शिट्टी वाजवून बसमध्ये कोंबत नाही. आणि उतरण्याचा भाव ठरवून जो वर चढतो, तोच खरा उंटावरचा शहाणा. बाकीचे सगळे जमिनीवरचे!