आमचे काय जळाले?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी मारेगावात आम्ही शिक्षक मंडळी चहा घेत बसलो असताना ही बातमी निघाली. ‘हमारा क्या गया?’ आमच्यातलाच एक जण म्हणाला. कोणी उत्तर दिले नाही. तिकडे कोल्हापूरचे कलावंत राखेसमोर उभे राहून रडत होते आणि इकडे आम्ही चहात बिस्किटे बुडवत होतो. तेव्हा राहून गेलेले उत्तर आज देत आहोत, आणि ते आधी आमच्याच माणसांना आहे.

हे नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी बांधले. 1915 साली पॅलेस थिएटर या नावाने ते उघडले. भिंतीला भिंत लागून कुस्तीचे खासबाग मैदान. पुढे संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचे नाव त्याला मिळाले आणि त्यांच्याच जयंतीच्या आदल्या रात्री ते भस्मसात झाले. एवढे सगळ्यांनी वाचले. जे आमच्या वाचनात आले नाही ते असे : केशवरावांना तालीम देणारे रामकृष्णबुवा वझे स्वतः ग्वाल्हेरच्या निसार हुसेन खाँचे शागीर्द. बालगंधर्वांच्या ‘स्वयंवर’ला चाली देणारे भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकले. अल्लादिया खाँसाहेब तर 1895 पासून महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे 1922 पर्यंत, कोल्हापूर दरबारचे गवई. जवळच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात चिरनिद्रा घेत आहेत. त्यांची लेक हिराबाई बडोदेकर मराठी रंगभूमीवर उभी राहून गायली. आणि त्याच मिरजेचे शिकलगार! तलवारींना धार लावणाऱ्या या मुसलमान कारागिरांनी भोपळे कोरून तंबोरे आणि सतारी केल्या. 2024 साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोरा आमचा, तालीम आमची, आणि जळाल्यावर विचारायचे, हमारा क्या गया?

नववीच्या वर्गात आम्ही विचारले, अल्लादिया खाँ कोण? मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘सर, क्रिकेटर.’ मुले हसली. दोष मुलांचा नाही. घरात आम्ही हे नाव कधी घेतले नाही.

काहीजण म्हणतील, गाणेबजावणे दीनमध्ये बसत नाही. हा वाद जुना आहे, आलिमांनी तो करावा, आमची ती पात्रता नाही. पण जे हे सांगतात त्यांच्याच दारात लग्नात डीजे लागतो आणि शेजारची म्हातारी रात्रभर झोपत नाही, तेव्हा दीन कोठे जातो? कर्कश आवाज चालतो, खाँसाहेबांचा सूर मात्र चालत नाही, हा कोणता इन्साफ?

2002 साली वडोदऱ्यात उस्ताद फैयाज खाँच्या मजारीची नासधूस झाली, अहमदाबादेत वली दखनीची मजार रातोरात सपाट केली गेली. वली आमच्या औरंगाबादचा. तेव्हा आम्ही हळहळलो, आणि ते रास्तच होते. पण जे आपले म्हणून रडायचे ते केवळ कोणी मुद्दाम पाडले तरच का? आग अपघाताने लागली तर नाते तुटते काय?

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. मराठी संगीताच्या गौरवाची भाषणे आम्ही पुष्कळ ऐकली. त्यात बुवा येतात, पंडित येतात, खाँसाहेब मात्र ‘आणि इतर’ मध्ये जातात. ज्या राजाने 1906 साली कोल्हापुरात मुसलमान मुलांच्या शिक्षणाची संस्था उभी केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले, त्याच्या थिएटरवर रडताना तरी असे करू नये. वारसा अर्धा सांगणे हीही एक आगच आहे, फक्त तिला धूर नसतो.

नाट्यगृह पुन्हा बांधू असे सरकारने लगेच जाहीर केले. ते बांधले जावे. आम्ही आमच्यापुरते एवढे केले आहे : दरवर्षीच्या सहलीत पन्हाळा आणि महालक्ष्मीबरोबर मिरजेचा दर्गा, शिकलगारांची दुकाने आणि खासबागेजवळची ती वास्तू घालावी, असा अर्ज शाळेत दिला आहे. विदर्भाच्या टोकापासून तिथवर एसटीने अख्खी रात्र जाते आणि खर्चही बराच आहे. पालकसभेत विरोध होणार, हे ठाऊक आहे. पहिला सवाल कोणता येईल, तेही ठाऊक आहे.