चाल कोणाची?

शेवगावात काय किंवा पुण्यात काय, दिवाळीच्या पहाटे नाट्यगीतांची मैफल रंगली की रसिकांच्या माना डोलू लागतात. ‘स्वयंवर’मधले पद निघाले की ‘वा, बालगंधर्व!’ हा उद्गार ठरलेला. पण ‘चाल कोणाची?’ असे विचारून पाहा. डोलणाऱ्या माना जागच्या जागी थांबतात!

१९१६ च्या ‘स्वयंवर’ला चाली दिल्या भास्करबुवा बखले यांनी, १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी. यावर काही शहाणे म्हणतात, “त्या तर मूळच्या बंदिशी आणि ठुमऱ्या. यांनी नवे काय केले?” अहो, रुक्मिणीच्या कोणत्या भावाला कोणता राग शोभेल, ख्यालाचे किती वजन नाटकाला पेलेल, हे ठरवणे म्हणजेच रचना!

दूर आर्मेनियात १९१२ मध्ये आर्मेन तिग्रानियानची ‘अनुश’ ही संगीतिका रंगभूमीवर आली. तिचे सूर लोकसंगीताच्या वळणाचे. म्हणून तिच्या कर्त्याचे नाव कोणी पुसले नाही. येरेव्हानचे संगीतिकागृह तर स्पेन्दियारियान या संगीतकाराच्याच नावाने ओळखले जाते.

पुण्यात १९६८ मध्ये बालगंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले, ते यथायोग्यच. गायकाचा मान कमी करा, असे कोण म्हणतो? मागणे एवढेच की, पदापूर्वी नाटककाराबरोबर चाल देणाऱ्याचेही नाव घ्या. चकली कोणाच्या हातची, हे आपण आवर्जून विचारतो. मग चाल कोणाची, हे विचारायला संकोच कशाला?